रंगांसाठी एफडी मोडायची का?

प्रश्न : मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. घरच्या चार शाईंच्या प्रिंटरवर फोटो काढले की स्क्रीनपेक्षा काळपट आणि तांबूस येतात. सहा शाईंचा नवा प्रिंटर २७,००० रुपयांना आणि मॉनिटर कॅलिब्रेट करायचं (म्हणजे त्याचे रंग आणि उजेड मोजून नेमके लावायचं) यंत्र १८,००० ला मिळतंय. त्यासाठी ४५,००० ची एफडी मोडू का? महिन्याला ए-फोर आकाराचे २० फोटो लागतात. लॅब एका प्रिंटला ६० रुपये घेते. घरी कागद २० आणि शाई अंदाजे ८ रुपये पडते.

उत्तर : मोडू नका.

आधी हिशेब बघू. घरचा प्रिंट २८ रुपयांत पडतो हे कागदावर खरं, पण सुरुवातीला चारातला एक तरी वाया जाणार. म्हणजे हाती येणारा चांगला प्रिंट ३७ ला. लॅबपेक्षा २३ रुपये वाचले, महिन्याला ४६०. या गतीने ४५,००० वसूल व्हायला आठ वर्षं लागतील, आणि तोवर प्रिंटरचं हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) टिकेल असं मी धरणार नाही. त्यात मुदतीआधी मोडलेल्या एफडीवर बँक दंडाचं व्याज कापणार, ते वेगळंच. महिन्याला १०० प्रिंट असते तर वीस महिन्यांत पैसे फिटले असते, आणि माझं उत्तरही वेगळं असतं.

पण खरा मुद्दा असा की नवा प्रिंटर तुमचं दुखणं बरं करणारच नाही. जादाच्या दोन शाया बहुधा फिकट निळी आणि फिकट गुलाबी असतात. त्यांनी त्वचा आणि आकाश यांच्या छटा मऊ येतात. चुकलेला रंग दुरुस्त होत नाही.

काळपटपणाचं मूळ बहुतेक वेळा मॉनिटरमध्ये असतं. तो कारखान्यातून भगभगीत उजेडावर येतो, कागद मात्र खोलीतला उजेडच परत फेकतो. ज्या उजेडात प्रिंट बघता तिथे पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये रंगतापमान (पांढरा किती पिवळट की निळसर) ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ) २.२ ठेवा. यंत्राने मोजलंत तर स्क्रीनचा उजेड ८० ते १२० निट्स (उजेडाचं एकक) हवा. एवढ्यासाठी यंत्र विकत कशाला? ओळखीच्या स्टुडिओकडून एका दिवसासाठी मागून आणा.

तांबूसपणामागे माझा संशय दुहेरी दुरुस्तीवर आहे. फोटोशॉपमध्ये रंग सांभाळायचं काम फोटोशॉपकडे दिलंत आणि ड्रायव्हरमधली (संगणकावरच्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्तीही चालू राहिली, तर एकच दुरुस्ती दोनदा होते आणि प्रिंटवर लालसर-जांभळट झाक चढते. फोटोशॉपमध्ये त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) निवडा, ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ करा आणि कागदाचा प्रकार अचूक द्या, कारण शाई किती सोडायची हे त्यावरच ठरतं. प्रोफाइल एका ठरावीक प्रिंटर, शाई आणि कागदाच्या जोडीचं असतं. स्वस्तातली दुसरी शाई भरलीत की ते निरुपयोगी. चांगल्या कागदाच्या कंपन्या आपल्या प्रोफाइल फुकट देतात.

चाचणीसाठी भवानी मंडपाच्या काळ्या दगडाचा फोटो घ्या. त्या करड्या-काळ्या रंगावर हिरवट किंवा तांबूस झाक लगेच पकडता येते. साडीच्या रंगात ती लपून जाते. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल मात्र स्क्रीनइतका झळाळणार नाही. तो भडक गुलाबी शाईच्या आवाक्याबाहेरचा असतो. फोटोशॉपमधलं सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसा येईल याची स्क्रीनवरची झलक) चालू केलंत की हे आधीच दिसेल. मग आवाक्याबाहेरचे रंग शाईत बसवायच्या ‘परसेप्च्युअल’ आणि ‘रिलेटिव्ह’ या दोन्ही पद्धती लावून बघा आणि गुलालातले बारकावे जिथे शाबूत राहतात ते ठेवा. प्रिंट चोवीस तास वाळू द्या, मग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात तपासा.

एवढ्याला खर्च एका कागदाच्या पाकिटाचा आणि शाईचा, पाचशे-सहाशे रुपये. पाकीट पावसाळ्यात उघडं ठेवू नका. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद वळतो. प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी चालवा, नाहीतर नोझल (शाईची बारीक छिद्रं) तुंबतात आणि हेड क्लीनिंगमध्ये शाई वाहून जाते.

मोठे, भिंतीवरचे फोटो लॅबकडूनच करून घ्या. फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीन आणि लॅब सर्रास वापरतात त्या रंगपद्धतीत) द्या, आठ बाय बारा इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल, आणि त्यांची ऑटो करेक्शन बंद ठेवायला आवर्जून सांगा. सहा महिने दर महिन्याचे प्रिंट वहीत मांडा. आकडा ऐंशी-शंभराकडे सरकला, तर एफडीची मुदत संपेल तेव्हा तिच्यातूनच फक्त २७,००० चा प्रिंटर घ्या.