गरोदरपणातल्या खाण्याचा बाळाच्या पुढच्या आयुष्यातल्या शुगर-बीपीशी खरंच संबंध असतो का?

हो, असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असं त्यात दिसलं. अशा मुलांना मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक. पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः वजनाला चांगली होती.

तुमच्या सासूबाई म्हणतात ते "कमी जेव, बाळ मोठं झालं तर सीझर होईल" कृपा करून ऐकू नका. आपल्या कोल्हापुरात दुधाला तोटा नाही, कपिलतीर्थ मंडईत पोकळा, चाकवत, मेथी मिळते. रोज एक जुडी घरात येऊ दे. लोहाची गोळी चुकवू नका. लगेच वर चहा घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही. आणि मिश्री लावत असाल तर आजच बंद करा, ती तंबाखूच आहे, बाळाचं वजन घटवते.

जन्मानंतर सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नंतर बारीक पोराला "भरून काढायला" बिस्किटं, साखर चारू नका. भराभर चढलेली चरबीच पुढे नडते.