बाजीरावाच्या बागेत गुलमोहर नव्हता

तुम्ही विचारलंय की पेशवे दरबारावर प्रेमकादंबरी लिहायची आहे, इतिहासाचा अभ्यास नाही, तर किती वाचलं म्हणजे पुरे होईल. आणि खरी माणसं घ्यावीत की काल्पनिक. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. पहिला प्रश्न मला एकदा एका लेखकाने विचारला होता, तोही खेकसून, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात एका प्रकाशनाकडे बरीच वर्षं मुद्रितं तपासली. ऐतिहासिक कादंबऱ्या हमखास माझ्या टेबलावर यायच्या, कारण सरंजाम, जासूद, खलिता असल्या शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ बघायचा बाकीच्यांना कंटाळा. अशीच एक बाजीराव-मस्तानीवरची आली. सुरुवातीलाच दोघं शनिवारवाड्याच्या बागेत बसलेली आणि वरून गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा पडतोय. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. बदलावे.’ पुढे हजारी कारंजं थुईथुई नाचत होतं. तिथे लिहिलं, ‘कारंजे सवाई माधवरावांसाठी केलेले. त्यांचा जन्म १७७४ चा. तेव्हा बाजीरावांना जाऊन ३४ वर्षे झाली होती.’ त्यानंतर मस्तानी गच्चीत उभी राहून पर्वतीच्या देवळातले दिवे बघत उसासे टाकत होती. ते देऊळ बाजीरावांच्या मुलाने, नानासाहेबांनी बांधलं १७४९ मध्ये. ही बिचारी १७४० लाच गेलेली! आणि एका दासीच्या हातात चक्क रॉकेलचा कंदील.

प्रुफं लेखकाकडे गेली आणि लेखक ऑफिसात आला. माझ्यासमोर गठ्ठा आपटून म्हणाला, “बाई, तुम्ही ऱ्हस्वदीर्घ बघा. वाचकाला गुलमोहर दिसतो, सनावळ्या दिसत नाहीत. प्रेमकथा आहे ही. अजून किती वाचायचं माणसानं?” प्रकाशकांनी चहा मागवला आणि मला समजावलं की कादंबरी आहे, प्रबंध नव्हे. माझे शेरे खोडरबरने पुसले गेले. कंदील तेवढा काढला, कारण तो प्रकाशकांच्या आईंनाही खटकला होता. गुलमोहर मुखपृष्ठावर गेला. पुस्तक खपलं, आजही खपतं. मला कुणी भेट दिलंच तर मी ते पुढे सरकवते.

तेव्हा नोकरी होती म्हणून गप्प बसले. आता बोलते. त्या लेखकाने इतिहासाचं काही बिघडवलं नाही, इतिहास समर्थ आहे. त्याने प्रेमकथा बिघडवली.

त्याच कादंबरीतलं शेवटचं प्रकरण घ्या. बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला अखेरचे श्वास घेतोय. काळीकुट्ट रात्र, वादळ, फडफडणारा दिवा, आणि मस्तानी घोडा फेकत येते ती थेट त्याच्या मिठीत. आता खरं काय घडलं? तारीख २८ एप्रिल १७४०, तिथी वैशाख शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा दोन दिवसांवर. म्हणजे पंचांगाने या माणसाला नर्मदेच्या वाळवंटावर टिपूर चांदणं आयतं दिलं होतं आणि याने काळोख घातला! मस्तानी तिथे नव्हतीच. बाजीराव निजामाच्या मुलावरच्या, नासिरजंगावरच्या मोहिमेत असताना त्याचा भाऊ चिमाजी आप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी तिला पुण्यात अटकेत ठेवलं होतं. त्याच्यामागून थोड्याच दिवसांत तीही गेली, पाबळला कबर आहे.

रावेरखेडीला त्याच्याजवळ कोण होतं? काशीबाई. चासच्या जोशी सावकारांची लेक, वीस वर्षांचा संसार झालेली. जी त्याला हवी होती ती पुण्यात कोंडलेली आणि जी उशाशी बसली आहे तिला हे पुरतं ठाऊक आहे. त्यानंतर मस्तानीचा सहा वर्षांचा समशेर पेशव्यांच्याच घरात, काशीबाईंच्या देखरेखीखाली वाढतो. तोच पुढे पानिपतावर जखमी होऊन २७ व्या वर्षी जातो. एवढं कथानक कागदपत्रांत तयार असताना ज्याला घोड्यावरून नायिका आणावी लागते, त्याला प्रेमातलं काही कळत नाही असं माझं स्वच्छ मत आहे.

आणि हो, मस्तानीच्या गळ्यातून उतरणारा विड्याचा रस दिसायचा, हे वाक्य कृपा करून लिहू नका. शंभर जणांनी लिहून त्याचा चोथा केलाय.

दरबारी प्रेमाची खरी गंमत अडचणीत आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की फौज बाहेर, पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने नवरा घरात नाही आणि उरलेले महिने वाडा माणसांनी गच्च. सासू, जावा, कुळंबिणी म्हणजे घरकामाच्या दासी, पुराणिक, हिशेबाला आलेले कारकून. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, चारचौघांत नजर वर करत नाही. दोघांना धड एकांत कुठे मिळेल हाच प्रकरणभर पुरेल असा पेच आहे. नानासाहेबांचा मुलगा, थोरल्या माधवराव पेशव्यांचंच बघा. १७६१ ते १७७२ एवढा कारभार, त्यातही म्हैसूरच्या हैदरावर कर्नाटकच्या स्वाऱ्या, शिवाय चुलत्याशी, राघोबादादांशी भांडण आणि क्षय. त्यांच्या बायकोच्या, रमाबाईंच्या वाट्याला त्यातून किती दिवस आले असतील हे स्वाऱ्यांच्या तारखांवरून तुम्हीच काढा. तो आकडा समोर ठेवून लिहायला बसलात तर उसासे वेगळे घालावे लागणार नाहीत. (थेऊरला त्यांचा अंत झाला तो कार्तिक वद्य अष्टमीला. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. संध्याकाळी पूर्ण चंद्र दाखवलात तर मी असेन तिथून पेन्सिल घेऊन येईन.)

तर किती वाचायचं? पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतले निवडक कागद इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी ४५ खंडांत छापले आहेत, बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, तेव्हा मोडीची सबब चालणार नाही. सगळे वाचू नका, वेड लागेल. तुमच्या कादंबरीतली दोन-तीन वर्षं ठरवा आणि तेवढ्यापुरते खंड उघडा. लढायांच्या पत्रांपेक्षा खर्चाच्या नोंदी, लग्नामुंजींच्या याद्या, दागिने आणि कापडाचे हिशेब जास्त वाचा. नायिकेला कुठलं लुगडं नेसवायचं ते तिथे कळेल. फुलं हवीत तर फाल्गुनात पळस आहे, पावसाळ्यात सोनचाफा आहे, बकुळ आहे. आपली झाडं संपली होती का?

आता हेही सांगायला हवं की सगळंच कागदात सापडत नाही, आणि तिथे तुम्ही राजे. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा आतून जळून गेला, तटबंदी आणि जोती उरली. त्यामुळे कुठल्या दालनातून कुठल्या दालनात चोरवाट होती हे तुम्ही बिनदिक्कत ठरवा, मी समासात काही लिहिणार नाही. मस्तानी कशाने गेली याच्याही तीन-चार कथा आहेत, विषाची, हिरकणी गिळल्याची, सती गेल्याची, आणि एकीलाही भक्कम पुरावा नाही. तुम्हाला पटेल ती घ्या, फक्त प्रस्तावनेत तसं सांगा. आणि दरबारच काल्पनिक असेल, नावगाव नसलेलं संस्थान, तर मग लावा तिथे गुलमोहर, माझी हरकत संपली. हे त्या लेखकालाही मी सांगितलं असतं, पण त्याला शनिवारवाड्याचं नावही हवं होतं आणि मेहनत नको होती.

पात्रांचं म्हणाल तर पहिल्या कादंबरीला खरं मोठं नाव घेऊ नका. हुजूर फडातला, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतला एखादा कारकून घ्या, कोठीवर हिशेब ठेवणाऱ्याची विधवा बहीण घ्या. पेशवे मागे येऊन-जाऊन राहू देत. अशा साध्या माणसांचे वंशज भावना दुखावल्या म्हणून कोर्टात जात नाहीत, एवढा एक फायदा आहेच.