रात्रीचे चार फेरे

प्रश्न : वय ६१. लालबागच्या चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री चारदा उठतो. धार बारीक, थांबून थांबून. गेल्या महिन्यात एकदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, आपोआप थांबलं. बायको म्हणते, बीट खाल्लं असेल. युरॉलॉजिस्टकडे जायलाच हवं का?

उत्तर : काका, हो, याच आठवड्यात. बीटाने लघवी लालसर होते, काकूंचं चूक नाही. पण बीट खाल्लं होतं की नाही, ते तुम्ही लिहिलेलंच नाही! न दुखता आलेलं रक्त थांबलं तरी सोडून द्यायचं नसतं. कधी कधी मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण एवढीच असते. विडी ओढत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

रात्रीचे फेरे बहुधा प्रोस्टेटचे, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे. त्यावर अनेकांचं गोळ्यांनी भागतं. काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते, तेव्हा अंधाऱ्या गॅलरीत जपून.

केईएम तुम्हाला जवळ, तिथे युरॉलॉजीची ओपीडी आहे. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, गरजेप्रमाणे पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. लघवीतल्या रक्तासाठी बहुधा दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतील. लघवी पूर्ण तुंबली तर मात्र ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

आणि सोनोग्राफीचं पाणी तिथे पोहोचल्यावरच प्या, बसमध्ये नाही.