रजिस्टरची किल्ली

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. चौघे जण ओपीडीत घुसले, मोबाईलवर शूटिंग सुरू केलं, ‘काल इथं कुणाचं पाडलं, रजिस्टर काढा’ म्हणाले आणि जाताना ‘मिटवायचं असेल तर फोन करा’ म्हणून नंबर ठेवून गेले. गर्भपात करणंच सोडून देऊ का, असं विचारतेस. सोडू नकोस. आणि त्यांना एक रुपया देऊ नकोस. एकदा दिलास की दर महिन्याला दारात उभे राहतील.

आपल्या जिल्ह्यात असल्यांचं फावतं त्याला कारण आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८३९ होत्या. ही लाज आपल्याच पेशातल्या काहींनी आणली, त्यांची गय नकोच. पण तेव्हापासून गर्भपात म्हटला की मुलगीच पाडली असणार, असं लोक धरून चालतात. गगनबावड्याहून एसटीनं आलेली, धाकटं अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेलेली बाई, तिचा त्याच्याशी काय संबंध? तू दार लावलंस तर ती कुणाकडून तरी गोळ्या आणेल आणि रक्तस्राव थांबेना झाला की सीपीआरला, आपल्या सरकारी रुग्णालयात येईल. अशा बायका मी मध्यरात्री टेबलावर घेतल्यात. म्हणून इतक्या हट्टानं लिहितेय.

आता गर्भपाताच्या नोंदींचं रजिस्टर. ते गोपनीय असतं, आणि सही केलेला फॉर्म सी, म्हणजे बाईचं संमतीपत्र, सीलबंद पाकिटात ठेवायचा असतो, हे तुला ठाऊक आहे. पण १९७१च्या गर्भपात कायद्यातलं कलम ५ए पुन्हा वाच. कायद्यानं अधिकार दिलेल्या माणसाखेरीज कुणालाही बाईचं नाव सांगितलंस, तर तुलाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समोर नवरा असो, सासू असो, नाहीतर नगरसेवक. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, मग त्याला रजिस्टर कशाला दाखवायचं? कुणी अधिकारी म्हणून आलाच तर ओळखपत्र आणि लेखी आदेश माग. रिसेप्शनवरच्या मुलीला नीट समजावून सांग, कारण पहिला दम तिलाच भरतात. ‘रजिस्टर माझ्याकडे नसतं, मॅडमशी बोला’ एवढंच तिनं म्हणायचं. आणि किल्ली खरंच तिच्याकडे ठेवू नकोस.

व्हॉट्सॲपवर तुझा फोटो फिरतोय, त्याकडे दुर्लक्ष कर असं बाकीचे सांगतील. मला ते मुळीच पटत नाही. अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला, १० मार्च १९९३ रोजी डॉ. डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेर गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांचा फोटो आणि फोन नंबर छापलेली ‘वॉन्टेड’ पत्रकं वाटली गेली होती. क्लिनिकची वाट अडवणं, धमकावणं हा गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा तिथं १९९४ मध्ये, म्हणजे माणूस गेल्यावर आला. आपल्याकडे गोळीपर्यंत जाईल असं मी म्हणत नाही, इथल्यांना बहुधा पैसा हवा असतो. पण फोटो फिरवणं ही धमकीच आहे आणि तिची तक्रार आजच व्हायला हवी.

पैसे मागितले तर खंडणीची तक्रार दे. कुणी हात उचलला, काच फोडली तर डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे: गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, नुकसानीची भरपाई दुप्पट. तोंडी सांगून येऊ नकोस, लेखी दे आणि पोच घे.

उद्या सकाळी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, त्यावर आणखी काही चढायच्या आत. पोलिसांना देण्याआधी वेटिंगमध्ये बसलेल्या बायकांचे चेहरे झाकायला सांग. दहा वाजता मी राजारामपुरीत येते, ठाण्यात बरोबरच जाऊ. ओपीडीच्या अपॉइंटमेंट रद्द करू नकोस, तोवर माझी असिस्टंट बसेल.

तुझी मॅडम