सायटोकाइनला ‘दाहक संप्रेरक’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी स्रवतात ती छोटी प्रथिनं, हीसुद्धा हार्मोनसारखी (म्हणजे संप्रेरकांसारखी) रक्तातून फिरतात आणि निरोप पोचवतात, मग आरोग्यविषयक लेखाच्या अनुवादात त्यांना ‘दाहक संप्रेरकं’ म्हटलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. आधी ‘दाहक’ घेऊ. इथे दाह म्हणजे इन्फ्लमेशन, जंतुसंसर्गाला किंवा इजेला शरीर देतं तो प्रतिसाद. पण ‘दाहक’ हा शब्द आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. दाहक ऊन, दाहक वास्तव, म्हणजे होरपळवणारं. तो अर्थ इथे नको. शिवाय सगळी सायटोकाइनं दाह वाढवत नाहीत. टीएनएफ वाढवतं, इंटरल्यूकिन-१० शमवतं, आणि इंटरल्यूकिन-६ प्रसंगानुसार दोन्ही करतं. त्यामुळे ‘दाहवर्धक सायटोकाइन’ आणि ‘दाहशामक सायटोकाइन’ असं वेगवेगळं लिहावं. दाहाऐवजी ‘जळजळ’ तर नकोच. वाचकाला आम्लपित्त आठवतं. नुसती ‘सूज’ म्हटलं, तर पायात पाणी साचून आलेली सूजही त्यात येते.

‘संप्रेरक’ हा खरा पेच आहे. हार्मोन हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. ठराविक ग्रंथीतून स्रवणारा, रक्तातून जाऊन दूरच्या अवयवावर काम करणारा पदार्थ, असा त्याचा मूळ रोख. सायटोकाइन हे नाव प्रतिकारशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७४ मध्ये दिलं. ते बनवायला ग्रंथी लागत नाही. पांढऱ्या पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर, चरबीच्या पेशी, सगळ्या ते बनवतात, आणि त्याचा परिणाम बहुधा शेजारच्या पेशींवर होतो.

जंतुसंसर्गात मात्र ते दूरवर पोचतं. इंटरल्यूकिन-१ या सायटोकाइनचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला मिळतो, तिथून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक आणि मग मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक. हे कॉर्टिसॉल पेशीत दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला आवर घालून त्याच इंटरल्यूकिन-१ ची निर्मिती कमी करतं. आता यात सगळीकडे ‘संप्रेरक’ घालून पाहा: ‘संप्रेरकामुळे संप्रेरक सुटलं आणि त्याने पहिलं संप्रेरक दाबलं.’ प्रतिकारयंत्रणा आणि अंतःस्रावी यंत्रणा एकमेकींना कसा लगाम घालतात, हा सगळा मुद्दाच वाक्यातून गेला! म्हणून सायटोकाइन हा शब्द तसाच ठेवावा.

सीमारेषा धूसर आहे, हे खरंच. १९९४ मध्ये सापडलेलं चरबीच्या पेशींतलं लेप्टिन संप्रेरक म्हणून ओळखलं जातं, पण त्याचा ग्राही (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर निरोप स्वीकारणारं प्रथिन) सायटोकाइन-ग्राहींच्या कुळातला आहे. वाढीचं संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि एरिथ्रोपोएटिन यांचंही तसंच. अशा वेळी रूढ नाव द्यावं आणि ग्राहीचं कुळ वेगळ्या वाक्यात सांगावं.

अनुवादात सर्वांत महागात पडणारी चूक थायरॉइडच्या बाबतीत होते. गंभीर आजारात सायटोकाइनांच्या प्रभावाने टी-४ या थायरॉइड संप्रेरकाचं टी-३ या जास्त प्रभावी रूपात होणारं रूपांतर मंदावतं. टी-३ घटतं, थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक टीएसएच मात्र बहुधा नेहमीच्या मर्यादेत किंवा किंचित कमी राहतं. याला ‘थायरॉइड संप्रेरकाची कमतरता’ लिहिलं की वाचक गोळ्यांचा विचार करू लागतो. ‘इतर आजारामुळे थायरॉइड चाचणीत दिसणारा बदल’ असं लिहावं, आणि बरं झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात, हेही तिथेच जोडावं.