लाकडी सजावट पहिल्यांदाच करताय? एवढं सांभाळा

आवड लागली हे छान झालं! फक्त पहिल्याच फेरीत मोठं तोरण किंवा चांदणी करायला घेऊ नका. फांदीच्या चकत्या कापून त्यांची लटकनं करा, त्यावरच हात बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड वाळलेलं हवं. ओल्या फांदीची चकती आज सुंदर दिसते आणि काही दिवसांत काठापासून मध्यापर्यंत चिरते, कारण वाळताना लाकूड परिघाच्या दिशेने जास्त आकसतं. साधारण 1 सेंमी जाडीच्या चकत्या कापा आणि सावलीत, हवा खेळेल अशा जागी, अधूनमधून उलटत वाळवा. घाईने उन्हात ठेवू नका. तरी काही चिरणारच, म्हणून गरजेपेक्षा जास्त कापा. साल नखाने सुटत असेल तर आत्ताच काढून टाका.

घासायला आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, शेवटी 220. करवतीच्या खुणा 80 वरच पूर्ण गेल्या पाहिजेत. पुढचे बारीक पेपर त्या काढत नाहीत.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- भोक शेवटी पाडतात. रंगाआधी पाडा, खाली टाकाऊ फळी ठेवून. नाहीतर मागची बाजू फाटते.
- रंगाचा पहिलाच हात जाड देतात. आडवा छेद, म्हणजे चकतीची कापलेली बाजू, रंग खूप पितो आणि डाग पडतात. पातळ हात द्या.
- लाकडाला जवसाचं तेल लावलेलं फडकं चुरगळून टाकतात. ते आपोआप पेट घेऊ शकतं! बाहेर पसरून वाळवा.

कोरीवकाम, वार्निशचे प्रकार सध्या बाजूला ठेवा. पाच-सहा चकत्या झाल्या की फोटो टाका, पुढचं तेव्हा सांगतो.