चिंचिला उचलायला गेलं की निसटते आणि केस हातात राहतात. तिला सुरक्षितपणे धरायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा दिवसांपूर्वी कॅनडात, कॅलगरीतल्या घरी पाच महिन्यांची चिंचिला (उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, दाट मऊ केसांचा छोटा प्राणी) आणली, सात वर्षांच्या लेकीला तिला मांडीवर घ्यायचंय, पण परवा पिंजऱ्यातून काढताना ती निसटली आणि पाठीवरचा केसांचा पुंजका तुमच्या मुठीत राहिला. तेव्हापासून तुम्ही हात लावायला घाबरताय. मी एडमंटनला राहते. राखू नावाचा चिंचिला आमच्याकडे आठ वर्षं आहे आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याही हातात असाच पुंजका आला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या केसांचं बोलू. केस गेले तिथली कातडी आज उजेडात नीट बघा. ती स्वच्छ, गुळगुळीत असेल, रक्त, खपली, कोंडा काही नसेल, तर जखम झालेली नाही. चिंचिला मूळची चिलीतल्या अँडीजच्या डोंगरउतारावरची. घुबड आणि कोल्हा हे तिथले तिचे वैरी. अंगावर पंजा किंवा दात पडला की ती तेवढ्या भागातले केस सोडून देते. शिकाऱ्याच्या तोंडात केस राहतात आणि ती कपारीत पसार होते. पालीने शेपूट टाकावी तसंच हे. एकेका मुळातून तिचे साठेक केस उगवतात, त्यामुळे हातात आलेला पुंजका बघून आपल्या पोटात गोळा येतो. केस परत येतात, दोन-तीन महिने लागतात. तोवर तिथे काही लावू नका. हळद नको, खोबरेल नको, मलमही नको. तेलाने केस चिकटतात आणि इतक्या दाट केसांत ओल राहिली की ती लवकर सुकत नाही.

मात्र नाकाभोवती, डोळ्यांभोवती किंवा पायांवरचे केस गळून पापुद्रे सुटत असतील तर प्रकरण वेगळं. ती बुरशी, आपण गजकर्ण म्हणतो तसली, आणि ती माणसालाही लागते. मग लेकीला लांब ठेवा आणि छोट्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे जा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर चिंचिला बघत नाहीत, तेव्हा फोन करून आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. तुमचा हात कुठून आला, हे तिच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं आहे. राखूच्या वेळी मी पिंजऱ्याचं वरचं दार उघडून त्याच्या पाठीवर हात घातला होता. तो आडव्या फळीवर बसला होता, मी बोटं मिटली, त्याने मागच्या पायांनी एकच झटका दिला आणि क्षणात तळच्या लाकडी घरात जाऊन बसला. माझ्या मुठीत धुरासारखा मऊ राखाडी पुंजका. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्या हातचं काही खात नव्हता. वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी घारीची झडपच होती, हे मला उशिरा कळलं. १९२३ साली मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात नेल्या, त्याही फरसाठी वाढवायला. आज घरोघरी असलेल्या बहुतेक चिंचिला त्यांच्याच वंशातल्या मानल्या जातात. म्हणजे माणसाच्या घरातली त्यांची उणीपुरी शंभर वर्षं. कुत्र्याची हजारो वर्षांची ओळख इथे नाही, ती ओळख तुम्हाला रोज संध्याकाळी थोडी थोडी करून द्यावी लागते.

संध्याकाळीच, कारण दिवसा ती झोपते. झोपलेल्या चिंचिलाला उठवून हातात घ्यायचं नाही. दिवे लागायच्या वेळेला हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, पिंजऱ्याच्या बाजूच्या दारातून तळहात वर करून फळीवर ठेवा आणि नुसते बसून राहा. हाताला लोशन, अत्तर, स्वयंपाकाचा वास नको. तळहातावर चार दाणे ओट, तेही रोज नाही. बेदाणे देऊ नका, त्यातली साखर तिच्या पोटाला सोसत नाही. पहिल्या दिवशी ती मिशा पुढे करून वास घेईल आणि मागे सरेल. मग कधीतरी बोटांना हलकेच दात लावून बघेल. तो चावा नसतो, बोट खाण्यासारखं आहे का याची चाचपणी असते. हात झटकू नका. पुढचे दोन पाय तळहातावर ठेवले की अर्धं काम झालं. याला आठवडा लागेल किंवा दोन महिने, ते तिच्यावर आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बाथरूमचा. कमोडचं झाकण बंद, बादलीत पाणी नाही, फरशी कोरडी, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, आणि मी भिंतीला टेकून खाली बसलेली. राखूला मी हातात धरून तिथे नेत नव्हते. त्याचं धुळीच्या आंघोळीचं भांडं पिंजऱ्यात ठेवायचं, तो आपणहून आत शिरला की भांड्याच्या तोंडावर हात आडवा धरून भांडंच उचलायचं. (चिंचिलाला पाण्याने आंघोळ कधीच घालायची नाही. बारीक ज्वालामुखीय धूळ मिळते, त्यात लोळायला आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं पुरतात. साधी वाळू चालत नाही.) बाथरूममध्ये तो आधी कोपरे हुंगायचा, मग माझ्या पायांवरून पळायचा, पुढे गुडघ्यावर, खांद्यावर. आपण झाडासारखं बसून राहायचं. अंगावर चढायची सवय तिथे लागली आणि मगच उचलण्याचा विषय निघाला.

उचलायचं ते असं. तुम्ही जमिनीवर बसा. एक तळहात समोरून, खालच्या बाजूने, तिच्या छातीखाली सरकवा. दुसरा लगेच ढुंगणाखाली, असा की मागचे दोन्ही पाय तळहातावर टेकतील. हे मागचे पाय टेकणं फार महत्त्वाचं. पाय हवेत लोंबले की तिला पडल्यासारखं वाटतं आणि ती लाथा झाडते; पाय टेकले की शांत होते. उचलल्याबरोबर तिला आपल्या छातीशी आणा, म्हणजे एक बाजू तुमच्या अंगाला लागेल. राखूला असं धरलं की तो पुढचे पाय माझ्या स्वेटरच्या कडेला अडकवतो आणि त्याची छाती हाताला धडधडताना लागते. सुरुवातीला दहा सेकंद धरा आणि ती शांत असतानाच खाली ठेवा. धडपडू लागल्यावर सोडलं तर धडपड केली की सुटका होते, एवढंच ती शिकते.

दाबायचं मात्र अजिबात नाही. केसांमुळे ती गुबगुबीत दिसते, आत पाच-सहाशे ग्रॅमचा नाजूक जीव असतो. बरगड्यांवर मुठीचा दाब पडला तर आत इजा होते. मागच्या पायाची नळी लांब, सरळ आणि बारीक असते, वर मांस जवळजवळ नाही, म्हणून ती काडीसारखी मोडते. एका पायाला धरून ओढू नका, आणि पिंजऱ्याच्या तळाशी नुसती जाळी असेल तर आजच तिच्यावर लाकडी फळी टाका. जाळीत पाय अडकून मोडल्याच्या घटना पुष्कळ होतात. मानेची कातडी मांजराच्या पिल्लासारखी पकडायची नाही, पुन्हा केस हातात येतील. शेपटीला टोकाकडून तर हातच लावू नका, तिची कातडी सोलून निघते. शेपटीच्या अगदी मुळाशी, अंगाला लागून, दोन बोटांनी हलकेच धरणं चालतं, पण खालून दुसऱ्या हाताचा आधार असतानाच. व्हेटकडे किंवा राखू खिडकीकडे झेपावत असताना मी त्याला तसं धरलं आहे.

निसटली तर मागे धावू नका. ती चार-पाच फूट उंच सहज उडी मारते, घरभर पाठलाग केला तर भीतीने दमून जाईल. दारं बंद करा, धुळीचं भांडं खाली ठेवा आणि बाजूला बसा. राखू एकदा फ्रिजमागे गेला होता. पाऊण तासाने आपणहून भांड्यात येऊन लोळला.

कधी हात लावायचा नाही, तेही सांगते. दात कटकट वाजत असतील, भुंकल्यासारखा आवाज येत असेल, किंवा ती मागच्या पायांवर उभी राहून तुमच्याकडे तोंड करत असेल तर हात मागे घ्या. त्यातून मादी असेल तर मुताची चिळकांडी मारते, नेम चांगला असतो. पाच महिन्यांची आहे, आधीच्या घरी नराबरोबर राहिली होती का, हेही विचारून घ्या. चिंचिला साधारण १११ दिवस गाभण असते, त्या दिवसांत उचलणं टाळलेलं बरं.

आणि उष्णता. इतके दाट केस असल्यामुळे २७ अंशांच्या वर तिला उष्माघात होऊ शकतो, हवा दमट असेल तर त्याच्याही आधी. आपल्या अंगाशी धरल्यावर ती आणखी तापते, म्हणून पाच मिनिटांच्या वर धरू नका. ब्लँकेटमध्ये गुंडाळून तर नकोच. कानांच्या पाळ्यांकडे लक्ष ठेवा. त्या लालबुंद होऊन शिरा उठून दिसल्या तर लगेच थंड फरशीवर सोडा. ती आडवी पडून धापा टाकू लागली तर थेट डॉक्टरकडे. उन्हाळ्यात आम्ही पिंजरा तळघरात हलवतो. पुण्या-नागपुरात बसून हे वाचणाऱ्या कुणाला चिंचिला आणायचा मोह होत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आणू नका. एप्रिल-मेमध्ये दोन तास वीज गेली तरी जीव जाऊ शकतो.

लेकीचं म्हणाल तर सात वर्षांच्या मुलीने उभं राहून तिला हातात घेऊ नये. मुलं घट्ट धरतात, प्रेमानेच धरतात, आणि प्राणी वळवळला की दचकून एकदम सोडतात. लेकीला तुमच्या शेजारी मांडी घालून बसवा, तळहातावर ओट द्या आणि चिंचिलाला तिच्या मांडीवर चढू द्या. आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. वाट बघायची त्याची तयारी माझ्यापेक्षा जास्त निघाली. तो मोठ्याने पुस्तक वाचत बसायचा आणि राखू त्याच्या पोटरीवर येऊन बसायचा. हात दोन्ही वेळा धुवायचे, आधीही आणि नंतरही.

लेकीला एक काम खुशाल द्या. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणायचा, चिंचिलाला वाडग्यात चढू द्यायचं आणि ग्रॅम वहीत लिहायचे. हातात घेतल्याशिवाय होतं हे. चिंचिलाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते वाकडे वाढले की खाणं हळूहळू सुटतं, आणि दाट केसांखाली हडकलेलं अंग डोळ्यांना दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी राखू दोन रविवारांत ५६० वरून ५१० वर आला. तो उड्या मारत होता, गवतही ओढत होता, पण मुलाने वही आणून दाखवली म्हणून आम्ही राखूला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. मागच्या दाढेला टोक आलं होतं, जिभेला लागत होतं.